आठवणींचं खातं

फलटणच्या बँकेत छत्तीस वर्षं खतावण्या जुळवल्या. त्यामुळे आठवण म्हणजे लॉकरमधला डाग, ठेवला तसाच परत मिळणारा, असं मी समजत होतो. आई सकाळचं विसरू लागली, पण सासरचा पहिला दिवस रोज नव्यानं सांगू लागली. मी तपशील दुरुस्त करायचो, ती गप्प व्हायची. तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढलं.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. सत्तावनच्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली, त्या धसक्यानं वडिलांचं सोवळं विकोपाला गेलेलं. लहानपणीच कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, बाई १९०० साली. मधली वर्षं ताटातुटीची. पुढे आपल्या साताऱ्यातही बिऱ्हाड झालं. १९१९ साली टिळक गेले. शिक्षण जेमतेम, तरी मुलगा देवदत्त यांच्या आग्रहामुळे उतारवयात त्यांनी आठवणी लिहिल्या. पहिला भाग १९३४ साली निघाला, १९३६ साली त्या गेल्या.

मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग प्रसंगातलं दृश्य, आवाज, वास एकत्र बांधतो. आठवताना मेंदू ते सारं पुन्हा जुळवतो आणि त्यात आजचा रंगही मिसळतो. म्हातारपणी तरुणपणातलं अधिक आठवतं, तेही स्वाभाविकच. बाईंनी जुनी दुःखं हसत मांडली, म्हणून ती खोटी ठरत नाहीत.

आता आई बोलू लागली, की मी चुका काढत नाही. वही घेऊन बसतो.