विश्लेषण : ३५ वर्षे सरकारी मान्यता नसलेले मुलींचे विद्यापीठ कसे टिकले? काय होता महर्षी कर्वे यांचा प्रयोग?

मुंबईचे एसएनडीटी महिला विद्यापीठ आज सर्वांना ठाऊक आहे. पण १९१६ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्याच्या पदवीला सरकारदरबारी काहीच किंमत नव्हती. ती मिळायला १९५१ साल उजाडले. मधल्या ३५ वर्षांत मध्यमवर्गीय घरांनी आपल्या मुली तिथे पाठवल्या त्या धोंडो केशव कर्वे यांच्या भरवशावर. हा भरवसा त्यांनी कसा कमावला आणि त्याची किंमत कोणी मोजली?

कर्वे या कामाकडे कसे वळले?

जन्म १८ एप्रिल १८५८, कोकणातील शेरवलीचा. बालपण मुरूडला गेले. सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत घाट ओलांडून चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे मुंबईत १८८४ मध्ये ते बी.ए. झाले. मुलींच्या शाळांत गणित शिकवून आणि शिकवण्या करून संसार चालवला. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई वारल्या.

दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवले होते. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. मुरूडकरांनी या जोडप्यावर बहिष्कार टाकला.

शारदा सदनाचा धडा काय होता?

गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत्या. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढे पुण्यात आली. १८९३ मध्ये तिथे धर्मांतराचा वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

खासगी संस्था पालकांच्या विश्वासावर चालते आणि तो उडाला की वर्ग रिकामे होतात, हे कर्वे यांनी पाहिले. म्हणूनच १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढताना त्यांनी पुनर्विवाहाचा प्रचार संस्थेबाहेर ठेवला. ज्याने स्वतः विधवाविवाह केला, त्याच्या आश्रमात त्या विषयाला मात्र जागा नव्हती! सुरुवातीला प्रवेशही उच्चवर्णीय विधवांपुरताच होता. सनातनी घरांना बिचकवायचे नाही, हा त्यामागचा हिशेब. तो व्यवहारी होता, तसाच तोकडाही.

पैसा कुठून आला?

गावोगाव वर्गणी मागून. पुण्यात प्लेग आला आणि १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी लागेल ते सामान घेऊन, पावसाळ्यात चिखल तुडवत हिंगण्याला पायी जायचे, हा कर्वे यांचा कित्येक वर्षांचा क्रम. पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली.

या त्यागाच्या कथा अनेकदा सांगितल्या जातात. घरी त्याचा भार कोणी उचलला हे कमी वेळा. मुलांचे पुढे काय, ही बायांची चिंता होती. त्यांनी स्वतः सुईणीचे शिक्षण घेऊन घराला हातभार लावला. बायांच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले आश्रमात शिकल्या, शिकवू लागल्या आणि वर्गणीसाठी देशभर फिरल्या.

कुमारिकांसाठी वेगळी शाळा का?

पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ पासून होती. पण बहुतेक मध्यमवर्गीय घरांत मुलीचे लग्न लवकर उरकले जाई आणि शाळा तिथेच संपे. मुलगी शिकत राहिली तर लग्न लांबेल, हा विचार धरून कर्वे यांनी १९०७ मध्ये महिला विद्यालय काढले. विधवेचे तोंड पाहणेही अशुभ मानले जाई, त्या काळात विद्यालयाची सुरुवात आश्रमापासून वेगळी, पुण्यात झाली. काही वर्षांनी मात्र तेही हिंगण्याला गेले.

विद्यापीठाची कल्पना कुठली?

जपानची. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका कोणीतरी पाठवली होती. कर्वे यांनी ती बाजूला ठेवून दिली. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले, भाषणाची तयारी सुरू झाली आणि पुस्तिका पुन्हा बाहेर निघाली. पुढच्याच वर्षी अवघ्या काही विद्यार्थिनींना घेऊन हिंगण्यात विद्यापीठाचे काम सुरू झाले. भांडारकर कुलपती होते, रँग्लर परांजपे कुलगुरू.

माध्यम मातृभाषा, इंग्रजी सक्तीचा विषय, शिवाय गृहशास्त्र आणि आरोग्य. पदवीला गणित सक्तीचे नव्हते, आणि हे एका गणिताच्या प्राध्यापकाने ठरवले. मुलींना मुलांपेक्षा हलके शिक्षण देऊन पुन्हा चुलीकडेच पाठवताय, ही टीका तेव्हाही झाली. ती अगदीच निराधार नव्हती. पण मराठीतून पदवीपर्यंत शिकवण्याचे स्वातंत्र्य सरकारी चौकटीत मिळाले नसते, हेही खरे.

त्याची किंमत मुलींनी मोजली. ‘गृहीतागमा’ अर्थात जी.ए. या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. अनेक पदवीधर विद्यापीठाशी जोडलेल्या शाळांतच शिक्षिका झाल्या. अशा शाळा गुजरातमध्येही होत्या.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव लागले. पुढे मुख्यालय मुंबईला गेले. तरी कर्वे थांबले नाहीत. १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते विद्यापीठाची माहिती सांगत आणि निधी गोळा करत युरोप, अमेरिका आणि जपान फिरून आले.

वैधानिक दर्जा मिळाला तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न देण्यात आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. हिंगण्याचा तो माळ आज पुण्यातले कर्वेनगर आहे.