लाटांवर खेळायच्या फळीवरून ८ जणांना वाचवणारा ड्यूक काहानामोकू

१४ जून १९२५. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचजवळ समुद्र खवळला होता. २९ जणांना घेऊन निघालेली थेल्मा नावाची बोट किनाऱ्याजवळच उलटली. किनाऱ्यावरच्या एका उंचापुऱ्या गड्यानं आपला लाकडी सर्फबोर्ड उचलला आणि थेट लाटांत घुसला. हाताला लागतील तेवढी माणसं फळीवर घ्यायची, काठावर सोडायची, पुन्हा आत जायचं. त्या दिवशी १७ जण बुडाले. वाचलेल्या १२ जणांपैकी ८ जणांना या एकट्यानं बाहेर काढलं होतं.

त्याचं नाव ड्यूक काहानामोकू. ड्यूक ही पदवी नाही बरं का, वडिलांचंच नाव त्याला ठेवलं होतं.

त्याचा जन्म १८९० चा, हवाई बेटांवरच्या होनोलुलूतला. फळीवर पालथं पडायचं, हातानं पाणी कापत निघायचं, लाटेनं फळी उचलली की झटकन उभं राहून तोल सांभाळत किनाऱ्याकडं यायचं. हे सर्फिंग हवाईत शेकडो वर्षं जुनं. पण १९ व्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं मेली, मिशनऱ्यांनी नाकं मुरडली आणि खेळ मागे पडला. वायकिकीच्या किनाऱ्यावरच्या ज्या पोरांनी तो पुन्हा जिवंत केला, त्यातलाच ड्यूक एक.

पोहण्यातही पठ्ठ्या तेवढाच तयार. १९११ मध्ये त्यानं १०० यार्डांचा जागतिक विक्रम तब्बल ४.६ सेकंदांनी मोडला. अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांना ते पटलंच नाही, त्यांनी विक्रम नामंजूर केला. ड्यूकनं पुढच्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. १९२० मध्ये अँटवर्पला आणखी दोन सुवर्णपदकं मिळवली.

पोहण्यामुळं त्याला जगभरातून बोलावणी यायची आणि तो जाईल तिथं सर्फिंग पोचायचं. १९१४ मध्ये सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्यानं तिथंच पाइनच्या लाकडाची फळी बनवून लाटेवर उभं राहून दाखवलं. ऑस्ट्रेलियाला सर्फिंगचं वेड लागलं ते तिथून. आणि थेल्मा दुर्घटनेनंतर अमेरिकेतले जीवरक्षकही सर्फबोर्डकडं बचावाचं साधन म्हणून बघायला लागले.

सर्फिंग ऑलिम्पिकमध्ये यावं, ही ड्यूकची इच्छा. १९६८ मध्ये तो गेला, त्याची राख वायकिकीच्याच समुद्रात सोडण्यात आली. त्यानंतर ५३ वर्षांनी, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा खेळलं गेलं. महिलांचं पहिलं सुवर्ण जिंकलं कॅरिसा मूरनं.

ती ड्यूकच्याच होनोलुलूची.