एमिली हॉबहाऊस बाई व त्यांचे चरखे

इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांतीं एका धर्मगुरूच्या घरीं १८६० सालीं एमिली हॉबहाऊस बाईंचा जन्म झाला. १९०० सालीं दक्षिण आफ्रिकेंत इंग्रज व बोअर यांचें युद्ध चाललें असतां, बोअरांचीं शेतघरें जाळून बायकामुलांस छावण्यांत ठेवीत आहेत, असें त्यांस कळलें. शत्रूच्या मुलांकरितां त्यांनीं आपल्याच देशांत वर्गणी जमविली, आणि सामान घेऊन १९०१ च्या जानेवारींत त्या ब्लूमफाँटेनच्या छावणींत पोहोंचल्या. तेथें साबणहि मिळत नव्हता. पाहिलेलें सर्व त्यांनीं इंग्लंडांत प्रसिद्ध केलें. तेव्हां पुष्कळांनीं त्यांस देशद्रोही ठरविलें. त्या छावण्यांत सुमारें २६,००० बोअर बायकामुलें मेलीं. कृष्णवर्णीयांच्या निराळ्या छावण्यांतहि हजारों माणसें मेलीं; त्यांच्यापर्यंत बाईंची मदत फारशी पोहोंचली नाहीं, हेंहि आम्हीं सांगितलें पाहिजे.

१९०२ सालीं युद्ध संपलें, पण घरें राखेंत होतीं. नुसतें दान किती दिवस पुरणार? म्हणून बाईंनीं १९०५ सालीं फिलिपोलिस गांवीं मुलींकरितां सूत कातण्याची व विणण्याची शाळा काढली. मेंढ्यांच्या त्या मुलुखांत लोकर होतीच. आतां हातांस कसब मिळालें. पुढें अशा आणखी शाळा निघाल्या.

उतारवयांत बाईंस पैशाची अडचण आली, तेव्हां त्या देशच्या बायकांनीं अडीच-अडीच शिलिंग गोळा करून २,३०० पौंड पाठविले, व १९२१ सालीं बाईंस कॉर्नवॉलांत घर मिळालें. १९२६ सालीं त्या वारल्या. त्यांची रक्षा ब्लूमफाँटेन येथील स्त्रियांच्या स्मारकाशीं ठेविली आहे.

वाचकहो, भुकेल्यास भाकर द्यावीच. पण तिजबरोबर कसबहि दिलें, तर घेणारा हात एके दिवशीं देणारा होतो, असें आम्हांस वाटतें.