वसईचे संत गोन्सालो गार्सिया

बोईसरहून किंवा पालघरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे वैतरणेचा पूल ओलांडल्यावर थोड्याच वेळांत वसई येते. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं तेथील किल्ला पाहिला असेल, आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं तो कसा घेतला ही हकीकतही त्यांस ठाऊक असेल. त्याच स्वारींत आपल्या तारापूरचा किल्लाही पोर्तुगीजांच्या हातून गेला. परंतु त्या विजयापूर्वीं सुमारें एकशेंऐंशीं वर्षें त्याच वसईंत जन्मलेल्या एका पुरुषाचें नांव विचारलें असतां बहुतेक मुलें गप्प राहतात. त्याच पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज, आई मात्र येथलीच. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती, आणि येशूसंघाचे धर्मगुरु तेथें शाळा चालवीत. तेथेंच गोन्सालो यांचें शिक्षण झालें. पुढें कोवळ्या वयांतच ते या धर्मगुरूंबरोबर जपानास गेले. तेथील भाषा त्यांस उत्तम अवगत झाली, आणि सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. आपणांस संघांत घ्यावें एवढीच त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं.

आमच्या मतें त्यांची पहिली मोठी परीक्षा ही होय. ज्यांची मनापासून सेवा केली त्यांनींच दार लावून घेतलें, तर माणूस रुसतो, आणि पुष्कळदां ज्या कार्यासाठीं झटला त्या कार्यासच विटतो. गोन्सालो संघ सोडून व्यापारांत शिरले. भाषा येत होती, माणसें ओळखीचीं होतीं. व्यापार वाढला, पैसा आला. मोहाचें हें दुसरें रूप पहिल्याहून गोड असतें, म्हणून अधिक घातक! येथेंच कथा संपली असती, तर एक सुखवस्तु व्यापारी यापलीकडे त्यांची ओळख उरली नसती. परंतु त्यांचें मन जुन्या ओढीपासून सुटलें नाहीं. व्यापार टाकून ते फिलिपाईन्स बेटांतील मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाले, तेही धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधे बंधु म्हणून. वर्षानुवर्षें दुसऱ्यांस धर्म शिकविलेला मनुष्य सर्वांत खालच्या पायरीवर संतोषानें बसला, ही गोष्ट लहान नव्हे.

१५९३ सालीं मनिलाच्या गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून जपानास पाठविलें. त्या वेळीं जपानाची सारी सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हातीं होती. १५८७ सालींच त्यानें ख्रिस्ती धर्मगुरूंस देश सोडण्याचा हुकूम दिला होता, पण तो कडकपणें अमलांत आला नव्हता. या वकिलातीबरोबर गोन्सालो दुभाषी म्हणून गेले. फिलिपाईन्सनें आपलें मांडलिकत्व पत्करावें, अशी हिदेयोशीची मागणी होती. अशा सत्ताधीशापुढें दुसऱ्याचे शब्द भाषांतरित करून सांगणें म्हणजे तारेवरची कसरतच. ती त्यांनीं पार पाडली. पुढें फ्रान्सिस्कनांनीं क्योतो शहरीं मंदिर बांधलें आणि कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालयें चालविलीं.

१५९६ च्या आक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्यांतील मौल्यवान माल हिदेयोशीनें जप्त केला. त्यावरून उठलेल्या भांडणांत परकी धर्मगुरु हे स्पेनच्या फौजेचे पुढारी होत, असा संशय बळावला, आणि डिसेंबरांत क्योतो व ओसाका येथें धरपकड झाली. पकडतांना मथायस नांवाच्या एका स्वयंपाक्यास शिपाई हांका मारीत होते. तो बाहेर गेलेला होता. शेजारींच त्याच नांवाचा दुसरा एक ख्रिस्ती होता. तो गप्प बसता तर वांचला असता. तो आपण होऊन पुढें आला!

चोवीस जणांस शिक्षा झाली. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांस गांवोगांव फिरविण्यांत आलें, आणि जानेवारीच्या थंडींत त्यांस नागासाकीपर्यंत नेलें. वाटेंत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे त्यांत घालण्यांत आले. एकूण सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, बाकीचे प्रापंचिक जन. त्यांत लुईस इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा! धर्म सोडशील तर जीव वांचेल, असें अधिकाऱ्यानें त्यास सांगितलें. मुलानें तें नाकारलें. आमच्या खालच्या वर्गांतील मुलांचेंच तें वय, हें वाचतांना आमच्या मनांतून जात नाहीं.

त्यांस भय वाटलेंच नाहीं, असें कांहीं चरित्रकार लिहितात. तें आम्हांस पटत नाहीं. ज्यास भय नाहीं त्यास मोहही नाहीं, आणि मग जिंकावयाचें तें काय? याकोबाच्या पत्राच्या आरंभींच परीक्षांत आनंद मानण्याचा उपदेश आहे. तो आनंद वेदना नसल्याचा नव्हे, तर वेदनेंतही कोणी सोबत आहे, या खात्रीचा आहे. १५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस निशिझाका टेकडीवर क्रूस मांडलेले होते. त्यावर प्रथम गोन्सालो यांसच ठेवलें, अशी परंपरा आहे. जपानी रीतीप्रमाणें लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं बांधून मग भाल्यांनीं भोसकीत. बांधलेल्या स्थितींतही हे लोक स्तोत्रें गात होते, आणि पॉल मिकी यांनीं क्रूसावरूनच उपदेश केला.

१६२७ सालीं पोपसाहेबांनीं या सव्वीस जणांस धन्य म्हणून व १८६२ च्या जूनच्या ८ तारखेस संत म्हणून जाहीर केलें. केरळच्या अल्फोन्सा यांस २००८ सालीं संतपद मिळालें, तेव्हां भारताच्या पहिल्या संत म्हणून त्यांचें नांव ठिकठिकाणीं छापलें गेलें; भारतांत जन्मलेल्या स्त्रियांपुरतें तें खरें आहे, पण त्यांच्या आधीं वसईचे गोन्सालो आहेत. किल्ल्यांत येशूसंघीयांचें जें जुनें मंदिर आहे, तें आतां त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. ज्या संघांत त्यांस प्रवेश मिळाला नाहीं, त्याच संघाचें तें मंदिर.