उत्तराची पारख करणारे भास्कराचार्य

सह्याद्रीच्या परिसरात विज्जडविड नावाचे एक नगर होते. भास्कराचार्य तेथील रहिवासी. त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. त्यांचे वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते. तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा थोर ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत.

बीजगणितात त्यांनी वानरांचे एक मौजेचे उदाहरण घातले आहे. एका कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग केला असता जी संख्या येते, तितके वानर वनात खेळत होते. उरलेले १२ टेकडीवर होते. तर एकूण वानर किती? कळपाची संख्या क्ष मानली, तर क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० असे वर्गसमीकरण मिळते. पूर्वीचे गणिती श्रीधराचार्य यांच्या रीतीने ते सोडविले की ४८ आणि १६ अशी दोन उत्तरे येतात. ४८ चा अष्टमांश ६. त्याचा वर्ग ३६. त्यात १२ मिळविले की ४८. १६ चा अष्टमांश २. त्याचा वर्ग ४. त्यात १२ मिळविले की १६. भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे स्वीकारली.

एका प्रश्नाला दोन उत्तरे कशी? भास्कराचार्यांनी कारण दाखवून दिले. धन संख्येचा वर्ग धन असतो व ऋण संख्येचाही धनच असतो. म्हणून धन संख्येला दोन वर्गमुळे असतात. ऋण संख्या मात्र कशाचाच वर्ग नसते. म्हणून तिला वर्गमूळ नाही.

या विचाराचे महत्त्व मोठे आहे. वरील समीकरणात ६४ च्या वर्गातून ७६८ ची चौपट वजा केली की १०२४ उरतात. या संख्येला आज विवेचक म्हणतात. ती धन आहे, म्हणून मुळे दोन. टेकडीवर १६ वानर असते, तर विवेचक शून्य झाला असता आणि ३२ हे एकच उत्तर आले असते. तेथे २० वानर असते, तर विवेचक ऋण झाला असता. मग वास्तव मूळ मुळीच मिळाले नसते! उत्तर शोधण्यापूर्वीच ते आहे की नाही, हे विवेचक सांगतो.

तथापि गणिताने दिलेले प्रत्येक उत्तर भास्कराचार्यांनी डोळे मिटून घेतले नाही. दुसऱ्या एका उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून वर्ग करावयाचा आहे. तितके वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर दिसला. येथे ५० व ५ अशी उत्तरे येतात. परंतु ५ चा पंचमांश १; त्यातून ३ वानर कसे वजा होणार? म्हणून ५ हे उत्तर त्यांनी अग्राह्य ठरविले.

आजोबांची ही विद्या लोप पावू नये, म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चाले. इ. स. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. उत्तर काढणे ही विद्येची पहिली पायरी. ते पारखून घेणे ही दुसरी. भास्कराचार्यांनी या दोन्ही पायऱ्या शिकविल्या.