सार्जंटपदाचे दार
सॅम्युअल बॅटल यांचा जन्म १८८३ चा, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनातला. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर हमाली करीत त्यांनी अभ्यास केला आणि १९११ मध्ये ते शहराच्या पोलीस दलात दाखल झाले. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा हा कृष्णवर्णीय शिपाई त्याच शहरात नोकरी करीत होता. गोरे सहकारी त्यांच्याशी बोलत नसत. हा बहिष्कारच होता.

सार्जंटपदाची तयारी करून घेणाऱ्या वर्गात प्रवेशासाठी त्याच गोऱ्या पोलिसांची मते लागत. शिपायांना हुकूम देणारा पहिला अधिकारी म्हणजे सार्जंट. म्हणून दार बंद. १९१९ मध्ये जमावाच्या तावडीतून बॅटल यांनी एका गोऱ्या पोलिसाचा जीव वाचवला, तेव्हा कुठे ते उघडले. बढतीला १९२६ उजाडले. १९३५ मध्ये ते लेफ्टनंट, १९४१ मध्ये पॅरोल आयुक्त झाले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

गुणवत्ता होतीच, अडवली गेली ती संधी. आपल्या संविधानात १९९५ मध्ये बढतीतील आरक्षणासाठी कलम १६ (४-अ) आले. त्याविरुद्ध गुणवत्तेचे पाढे वाचणाऱ्यांनी एवढेच सांगावे: हक्काच्या दारात शिरण्यासाठी आधी कोणाचा जीव वाचवावा लागतो काय?