उत्तनचे काका, मुंबईचे महापौर

पालीहून सकाळची बस पकडून भाईंदर स्टेशन गाठायचं, मग लोकलमध्ये लटकत कॉलेज. हा रोजचा प्रवास तुमच्यापैकी अनेकांच्या अंगवळणी पडला असेल. बस उत्तनवरून जाते तेव्हा एक नाव आठवून बघा : जोसेफ बॅप्टिस्टा. ऐकलंय? नसेल, तर दोष तुमचा नाही. आपल्याकडे फार कमी जणांनी त्यांची गोष्ट सांगितली.

बॅप्टिस्टा घराणं मूळचं उत्तनचं. आपल्या पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातलं. जोसेफ यांचा जन्म मात्र माझगावच्या माथारपाखाडीतला, १७ मार्च १८६४चा. शाळा माझगावच्या सेंट मेरीजमध्ये झाली. पुढे पुण्याला जाऊन त्यांनी इंजिनीअरिंग केलं, तेही आज सीओईपी म्हणून आपल्याला माहीत असलेल्या कॉलेजात. त्यानंतर सिंधमध्ये वनखात्यात नोकरी लागली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार, घरचे खूश. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘सेट’ झाले होते!

पण त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुन्हा विद्यार्थी झाले. बोटीने इंग्लंड गाठून केंब्रिज विद्यापीठात फिट्झविल्यम हॉलमध्ये नाव घातलं. ही जागा समजून घ्या. केंब्रिजच्या जुन्या श्रीमंत कॉलेजांचा खर्च न झेपणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने १८६९ मध्ये एक सोय केली, तिच्यातून फिट्झविल्यम उभं राहिलं. मुलं गावात भाड्याच्या खोल्यांत राहायची, पण शिकायची आणि पदवी घ्यायची त्याच विद्यापीठाची. बॅप्टिस्टांनंतर वीसेक वर्षांनी इथेच सुभाषचंद्र बोस शिकले. या कॉलेजचे माजी विद्यार्थी म्हणून सुभाषबाबू सगळ्यांना आठवतात, उत्तनचे जोसेफ कुणाला फारसे आठवत नाहीत.

केंब्रिजमध्ये त्यांचा विषय राज्यशास्त्र. स्वतःचा कारभार स्वतःच्या हाती हवा, या आयर्लंडच्या मागणीवरून तेव्हा ब्रिटिश राजकारण ढवळून निघत होतं. ही कल्पना बॅप्टिस्टांच्या मनात पक्की बसली. १८९९ मध्ये ते बॅरिस्टर झाले. वय पस्तीस. गॅप पडला म्हणून टेन्शन घेणाऱ्यांनो, हा आकडा लक्षात ठेवा.

मुंबईत परतल्यावर त्यांची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली आणि दोस्ती जमली ती कायमची. एक पुण्यातला चित्पावन ब्राह्मण, दुसरा माझगावचा कॅथलिक. समाजातल्या अनेकांना ही जोडी खटकणं साहजिक होतं. टिळकांच्या माणसासोबत उठबस म्हणजे सरकारच्या डोळ्यांवर येणं. बॅप्टिस्टा मागे हटले नाहीत. १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी टिळकांना कायद्याची मदत केली. पुढे सावरकरांवर खटला चालला, तेव्हा त्यांच्या वकिलांतही ते होते.

टिळक मंडालेहून सुटले आणि एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण? टिळक नव्हे, बॅप्टिस्टा. पुढच्याच वर्षी ते इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या स्वराज्याची मागणी तिथल्या मजूर पक्षाच्या लोकांपुढे मांडायची होती.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. जिवाभावाचा मित्र गेल्यावर माणूस थोडा थांबतो. काकांनी मात्र तीनच महिन्यांत दुसरं काम अंगावर घेतलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. लाला लजपत राय अध्यक्ष झाले आणि संस्थापकांत बॅप्टिस्टा होते. पुढच्या वर्षी झरियाच्या कोळसाखाणींच्या मुलखात भरलेल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. कामगार, वकील, पुढारी सगळे त्यांना ‘काका’ म्हणायचे. पद कितीही मोठं मिळो, हाक तीच राहिली.

१९२५ मध्ये काका मुंबईचे महापौर झाले. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते गेले, तेव्हा स्वातंत्र्य यायला सतरा वर्षं बाकी होती. ज्या स्वराज्यासाठी त्यांनी लीग उभी केली, ते त्यांना बघायला मिळालं नाही.

आता एक काम करा. एखाद्या रविवारी हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरा. जवळच्या भंडारवाडा टेकडीवर काकांच्या नावाची बाग आहे. वर चढलात की खाली गोदी आणि समुद्र दिसतो. तिथे फिरायला आलेल्या कुणालाही विचारा, हे बॅप्टिस्टा कोण? बहुतेक जण खांदे उडवतील. मग तुम्हीच सांगा त्यांना. आणि सांगताना हेही सांगा, की त्यांचं गाव आमच्या शेजारचं, बसने जाताना रोज लागतं.